वगळलेलं वळण

१

सरळ ओढे वाकडे करणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय?" लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं, आणि माझं उत्तर ऐकून त्यांनी विषय बदलला होता.

शहराच्या कडेने जाणारा हा ओढा एका पिढीपूर्वी सिमेंटच्या सरळ नालीत कोंबला होता. पाणी पटकन निघून जावं हा हेतू. ते इतकं पटकन जायला लागलं की वर पाऊस झाला की खालच्या वस्तीत घरात पाणी, आणि एरवी नालीत बेडूकही टिकेना. आता ती नाली बाजूला ठेवून ओढ्याला त्याची जुनी वळणं परत द्यायची, हे काम आमच्याकडे आलं. जुनी वळणं शोधणं फार अवघड नसतं. जागोजागी खड्डे घ्यायचे. जिथे मातीखाली गोल, गुळगुळीत गोटे लागतात, तिथून कधीतरी पाणी गेलेलं असतं.

पोकलेन चालवायला ओळंबा होता. त्याचं खरं नाव कोणी वापरत नाही. आयुष्यभर त्याने दोरी लावल्यासारखे चर खणले, म्हणून हे नाव पडलं. "साहेब," तो म्हणायचा, "आधी वाकडं खणलं की शिव्या खायचो. आता सरळ खणलं की तुम्ही शिव्या देता. माणसाने करायचं काय?" बायको माझ्याच कामावर असते. पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याची तब्येत ओळखते. सगळे तिला किडेबाई म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

सगळी वळणं आम्ही परत दिली, एक सोडून. त्या वळणावर आता घरांची रांग आहे. मीच ते आराखड्यातून वगळलं. त्याच्या वरच्या तोंडाशी मातीचा जाड बांध घातला आणि ओढा तेवढा तुकडा आडव्या वाटेने नेऊन खालच्या तोंडाजवळ पुन्हा जुन्या पात्राला जोडला. त्या रांगेत आमचं भाड्याचं घरही आहे, त्यामुळे या निर्णयाला घरातून भक्कम पाठिंबा होता.

२

पाणी सोडण्याआधी आम्ही गोटे रंगवतो. दर वळणावर वेगळ्या रंगाचे गोटे पात्रात ठेवायचे आणि पूर येऊन गेला की कुठला गोटा कुठवर गेला ते शोधायचं. ओढ्याच्या अंगात जोर किती हे त्यावरून कळतं. बांधाच्या तोंडाशी ठेवायचे गोटे निळे होते, आणि ते आईने रंगवले.

आई गुडघ्यांमुळे आमच्याकडे राहायला आली होती. पुढची खोली तिची. जिना चढणं बंद, बाहेर जाणं बंद, दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर ठेवणं एवढंच चालू. म्हटलं, तेवढाच विरंगुळा. तिने वर्तमानपत्र पसरून गोटे रंगवले आणि रंग वाळायची वाट न बघता उचलून टोपलीत टाकले. प्रत्येक गोट्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला.

"अगं आई, वाळू तरी द्यायचे!"

"दगडाला कसला आलाय नट्टापट्टा? तुम्हाला ओळखू आले म्हणजे झालं."

मी तसेच नेले आणि बांधाच्या तोंडाशी मांडले. ओळंब्याने नालीचं दार खाली केलं, पाणी नव्या पात्रात शिरलं, आणि आम्ही काठावर उभे राहून लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या. पहिलं वळण घेताना पाणी जरा अडखळलं, मग त्याला आठवल्यासारखं वळलं. किडेबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं, पण मी धूळ गेली म्हटलं.

३

त्या आठवड्यातच आईचं चालणं माझ्या लक्षात आलं.

तिच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर घरातल्या बोळातून सरळ चार पावलं. आई खिडकीपासून निघायची, भिंतीच्या बाजूने मोठा वळसा घ्यायची, बोळात दुसऱ्या भिंतीला लागून जायची आणि स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यापासून लांब राहत मागच्या दारापर्यंत जाऊन मग ओट्याकडे परत यायची. मधे काही नव्हतं. ना खुर्ची, ना चटई.

"आई, सरळ ये की. गुडघे दुखतात म्हणतेस आणि घरभर प्रदक्षिणा घालतेस."

तिने मागे वळून बघितलं, जणू वाट आत्ताच दिसली. "पाय तसे वळतात रे," ती म्हणाली. "बरं पडतं तसं."

वय झालं की माणसं भिंत धरून चालतात. मी ते सोडून दिलं.

४

झाडलोट माझ्याकडे असते. बायको घाण पाण्यात हात घालते पण केरसुणीला हात लावत नाही, हा आमचा जुना वाद आहे. तर एका सकाळी झाडताना मी थांबलो.

बोळात जिथे आईची वाट वळते, तिथे वळणाच्या आतल्या बाजूला पिठासारखी बारीक माती बसली होती. बाहेरच्या बाजूला, भिंतीलगत, जाड खडे होते. आणि त्यांच्या मधे जरा कमी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. चाळणीतून काढल्यासारखं.

हे असं फक्त एकच गोष्ट करते. वळणावर बाहेरून पाणी जोरात जातं, म्हणून तिथे जड माल राहतो. आत पाणी रेंगाळतं, म्हणून तिथे गाळ बसतो. हे मी नव्या पोरांना फळ्यावर काढून शिकवतो.

मी उकिडवा बसून फरशीला हात लावला. फरशी कोरडी होती. मनात पाल चुकचुकली खरी, पण माझ्याच बुटांना लागून साइटवरची रेती घरात येते हेही खरं होतं. वाऱ्याने अशी बसली असेल. सगळं सुपलीत भरून बाहेर टाकलं आणि कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तसंच होतं. त्या दिवशी मी बूट बाहेरच काढले होते.

५

वरच्या डोंगरावर पाऊस झाला आणि ओढ्याला पहिलं मोठं पाणी आलं. ओसरल्यावर आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात वाकून रंगीत गोटे शोधत फिरलो. पिवळे सापडले, लाल सापडले, हिरव्यांतले बरेच एका मुळाखाली अडकलेले होते. निळा एकही नाही.

"बांधातून गेले असतील," बायको म्हणाली.

आम्ही बांध बघितला. कुठे भेग नाही, ओल नाही, मुंगी शिरेल एवढीही जागा नाही. ओळंब्याने वरून पोकलेनची बादली आपटून बघितली. "साहेब, हा बांध माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

एक गोष्ट मात्र खटकत होती. बांधाच्या वर जेवढं पाणी येत होतं, तेवढं बांधाच्या खाली जात नव्हतं. थोडंसंच कमी होतं. पण मोजपट्ट्या दोनदा तपासल्या, तरी कमीच. वगळलेल्या वळणाचं खालचं तोंड जिथे पात्राला मिळतं, त्याच्या पुढे मोजलं तर पाणी पुन्हा पुरेपूर भरलं.

घरी आलो. आईचा चष्मा पलंगाखाली पडला होता, तो काढायला वाकलो. पलंगाखाली, भिंतीलगत, निळे गोटे एका ओळीत पडले होते. मोठे भिंतीकडे, लहान आत.

एक उचलला. ओला नव्हता, पण गार होता, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. निळा रंग कडांना उडाला होता. अंगठ्याचा ठसा जिथे होता तिथे आता नुसतं गुळगुळीत होतं.

"आई, हे कोणी आणले?"

"मला काय माहीत? सूनबाईने आणले असतील. तिला कुठे कशाची शिसारी येते?"

बायकोने आणले नव्हते. आणि आईला तर बाहेरच्या पायऱ्याही उतरता येत नव्हत्या. मी गोटे डब्यात भरून गच्चीवर ठेवले. ही चेष्टा कोणी केली याचा विचार करत मी कामावर सगळ्यांची तोंडं न्याहाळली. चेष्टा करणाऱ्याला लपवता येत नाही, हसू येतंच. कोणालाही आलं नाही.

पुढच्या पावसानंतर गोटे बोळात होते. गच्चीवरचा डबा रिकामा होता.

६

आईचे गुडघे बरे झाले.

असं एका वाक्यात सांगावं लागतं, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. औषध तेच, डॉक्टर तोच, आणि आई एका दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. तिची पाठ अंगाला नितळ लागली. पूर्वी मिठी मारली की तिची हाडं टोचायची आणि मी तिला काटेरी म्हणून चिडवायचो.

"काय तुकतुकीत दिसताय हो," शेजारीण खिडकीतून म्हणाली. "काय लावता तोंडाला?"

आई लाजली. खरंच सुरकुत्या कमी झाल्या होत्या. कपाळावरची आठी, जिला आम्ही भावंडं लहानपणी घाबरायचो, ती गेली होती. बोटांच्या पेरांवरच्या गाठी गेल्या होत्या.

त्याच संध्याकाळी तिने मला हाक मारली. "अरे, हा फोन बिघडलाय. अंगठा घेतच नाही."

मी काच पुसली, तिचा अंगठा पुसला, पुन्हा लावला. फोन नाही म्हणाला. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. मग मी तिचा हात दिव्याखाली धरला. बोटांच्या टोकांवर रेघ नव्हती. एकही नव्हती. तळहातावर आयुष्याची म्हणतात ती रेघ होती, पण पाटीवर पुसून राहिलेल्या खडूसारखी.

"भांडी घासून घासून गेल्या असतील," आई म्हणाली.

"हो, तसंच," मी म्हणालो, आणि फोनला आकडे घालून दिले. वर जाऊन मी बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून नुसता उभा राहिलो. मग नळाचा आवाज सहन होईना म्हणून बंद केला. तरी आवाज थांबला नाही. तो खालून येत होता.

७

किडेबाई कधी घाबरत नाही. म्हणून ती जाळं न धुता, पायातले गमबूट न काढता घरात आली तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

वाहत्या पाण्यात एक अळी असते. ती आपल्याच लाळेने वाळूचे कण, काड्या, जे मिळेल ते चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि त्यात राहते. ही अळी दिसली की ओढा सुधारतोय असं समजतात. बायकोने बशीत पाणी घालून एक अळी माझ्यासमोर ठेवली. अळी मजेत होती. तिच्या घराला वाळूच्या जोडीला तीन बारीक पांढरे मणी चिकटवलेले होते, आणि एक लालसर कण होता, आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रंगाचा.

"कुठे मिळाली?"

"खालच्या तोंडाशी. तिथे खूप आहेत. सगळ्यांच्या घरात काही ना काही आहे." तिने आवाज खाली आणला. "आईंची माळ तुटली होती ना, मागच्या महिन्यात? आपण सगळे मणी नाही वेचले."

"बागेत झाडून टाकले असतील. पावसाने वाहून गेले."

"बाग उताराच्या दुसऱ्या बाजूला आहे," ती म्हणाली. हे मलाही ठाऊक होतं. तो उतार मीच मोजला होता.

तिने खिशातून एक फणी काढून टेबलावर ठेवली. आईची. दाते झिजून बोथट झाले होते. "ही आज आली. आधी मणी, मग फणी. हलकं पुढे जातं, जड मागून येतं. पुढचं तू मला शिकवायला नको, मी तुला शिकवायला नको."

आतून आईने विचारलं, "काय कुजबुज चाललीय रे? चहा टाकू का?"

आम्ही दोघंही एकदम "हो" म्हणालो.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला ताईकडे न्यायचं ठरवलं. ताई तिसऱ्या मजल्यावर राहते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई तयार होईना. "आत्ता कुठे पायांना आराम पडलाय," म्हणून भांडली, मग माझा चेहरा बघून गाडीत बसली.

गल्ली संपायच्या आत तिने पाणी मागितलं. वळणावर पुन्हा मागितलं. मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा मी आरशात बघितलं. तिची कांती उडाली होती. पात्रातून एखादा सुंदर गोटा उचलून घरी न्यावा आणि वाळला की त्याचा रंग जावा, तसं. ओठ पांढरे. हात मांडीवर ठेवला होता तिथेच, तसाच. "आई?" म्हटलं तर डोळे हलले, तोंड हललं नाही. मी भर रस्त्यात गाडी वळवली. मागच्याने मला काय काय म्हटलं ते मी ऐकून घेतलं.

दाराच्या आत पाऊल टाकल्यावर तिने मोठा श्वास घेतला. "उगाच नेलंस," एवढंच म्हणाली.

आता एकच उरलं होतं. मी साइटवर गेलो आणि ओळंब्याला म्हटलं, नालीचं दार उघड, ओढा बंद कर.

"साहेब, मासे आलेत वरच्या डोहात. बाई मारतील मला."

"बाईंनीच सांगितलंय."

 त्याने पाणी परत सिमेंटच्या नालीत घातलं. नव्या पात्रातलं पाणी हळूहळू उतरलं. आमचं सगळं काम चिखलात उघडं पडलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण घरी पळायची घाई होती.

आई बोळात होती. चालता चालता थांबलेली. एक पाय पुढे, हात भिंतीकडे. भिंतीलगत निळे गोटे, आणि त्यांच्या शेजारी ती. बायको तिच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती आणि ते हनुवटीवरून खाली येत होतं. श्वास चालू होता. डोळे उघडे होते. मी तिला उचलून पलंगावर न्यायला गेलो, आणि ती मला उचलली जाईना. माझी आई, जिला आम्ही वाऱ्याने उडशील म्हणून चिडवायचो.

"सोड पाणी," बायको म्हणाली. "सोड, सोड लवकर!"

मी फोन केला. ओळंब्याने दार लावलं असेल, पाणी पहिल्या वळणाला आलं असेल, दुसऱ्या. मी आईसमोर फरशीवर बसून होतो. भर दुपारचं ऊन स्वयंपाकघरातून बोळात आलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. हवा हलत नव्हती. दाराचा पडदा सरळ लटकत होता.

आईच्या गाऊनचा घेर मात्र आधी थोडा थरथरला. मग मागच्या दाराच्या दिशेने हळूच ताणला गेला आणि तसाच राहिला, सुटायचा, पुन्हा ताणला जायचा. तिचे मोकळे केस खांद्यावरून उचलले गेले आणि त्याच बाजूला लांबच लांब पसरले, शेवाळासारखे. तिच्या घोट्यांपासून माझ्या छातीपर्यंत पाण्याचा थेंब नव्हता, फक्त ऊन होतं.

आईने पापणी मिटली, उघडली. "गार आहे रे," ती म्हणाली. "काय बरं वाटतं गुडघ्यांना."

मी बसल्या बसल्या मागे सरकलो आणि मग माझीच मला लाज वाटली.

९

आता आम्ही ते बोलत नाही. मोजतो.

दर मोठ्या पाण्याला आई थोडी पुढे जाते. आधी ती तिच्या खोलीत असायची. मग बोळात पलंग आणावा लागला. आता दिवसभर स्वयंपाकघरात असते, मागच्या दाराकडे तोंड करून. हसते, बोलते, भाजी चिरते, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवते. चेहरा फार गोड झालाय, नुसता गोल. नाक कुठे सुरू होतं ते बाजूने बघितलं तरच कळतं.

दाराला कडी लावून उपयोग नव्हता. बांधाने काय अडवलं होतं?

काल हवामानवाल्यांनी डोंगरावर अतिवृष्टी सांगितली. आज दुपारी ओळंब्याचा फोन आला, वरची मोजपट्टी दिसेनाशी झालीय. बायकोने सगळ्यात मोठं जाळं काढलं, गमबूट घातले आणि खालच्या तोंडाशी निघाली. दारात थांबली. मग ती आत आली, आईच्या पायाला हात लावला, आणि गेली.

मी सामान हलवायला घेतलं. ओढ्यातला माल धरून ठेवायचा असेल तर आम्ही पात्रात ओंडके टाकतो. बांध पाणी अडवतो आणि शेवटी हरतो. ओंडका पाणी जाऊ देतो, पण त्याच्यामागे गोटे थांबतात. मी कपाट स्वयंपाकघरात, आईच्या पुढे तिरकं घातलं. ट्रंक, सोफा, टेबल उलटं करून, एकाआड एक. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, कुठल्याही अहवालात घालण्यासारखं. तरी मागच्या दाराशी जागा उरली. तिथे घालायला घरात काही शिल्लक नव्हतं.

म्हणून मी स्वतः उंबऱ्यावर आडवा झालो, आईकडे पाठ करून. एका चौकटीला डोकं, दुसरीला पाय.

"हे काय रे सोंग?" आई म्हणाली.

"दमलोय. जरा पडतो."

"वाटेत कोणी झोपतं का? लहानपणीही असाच. ऊठ, मला जायचंय."

"कुठे जायचंय आई?"

तिने विचार केला. "ते काय माहीत? पण जायचंय."

मग फरशीतून गडगड आवाज आला. पूर आला की पात्राच्या तळाशी गोटे गडगडतात, तो. कपाट करकरलं. माझ्या मानेवर गार काहीतरी टेकलं आणि पाठीवरून, कानांवरून, बोटांमधून जायला लागलं. मी डोळे मिटले. अंगातला शर्ट फडफडत होता. लहान लहान काही पाठीवर येऊन आपटत होतं आणि तिथेच थांबत होतं, निळे असणार. मग काहीतरी मोठं, मऊ आणि फार जड येऊन टेकलं. मी चौकट घट्ट धरली.

"बाजूला हो रे बाळा," अगदी कानाशी आई म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "नाही आई. नाही होणार."

ती पुन्हा म्हणाली, मग आणखी एकदा, लाडीगोडीने, मग रागाने, मग शब्द नसलेल्या नुसत्या आवाजात. मी मोठ्याने रडत होतो आणि तो आवाज मलाही ऐकू येत नव्हता.

अंधारून यायच्या सुमाराला जोर उतरला. मी मान वळवली. आई माझ्या पाठीला टेकून कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी, लहान मुलीसारखी. श्वास संथ. तिच्याभोवती गोटे, सगळ्यात मोठे सगळ्यात जवळ. ओंडका टिकला होता. ओंडके कायमचे टिकत नाहीत, झिजतात, दर पुराला थोडे झिजतात. ते आम्ही स्वतःच प्रत्येक अहवालाच्या शेवटी लिहितो. पण आज टिकला होता.

बायको पाण्यात उभी असेल, जाळं धरून, येणाऱ्या प्रत्येक फांदीला दचकत. तिला कळवायला हवं होतं की आई इथेच आहे. मी आईला धक्का न लावता खिशातून फोन काढला आणि अंगठा लावला.

फोन उघडला नाही.

अंगठा शर्टाला पुसून पुन्हा लावला. तसा तो कोरडाच होता.